पाळणाघर बंद झालं त्या वर्षी

पाळणाघराच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपाच्या वर एक कागद चिकटवलेला होता. कलमवाली मुलाला कडेवर घेऊन पोचली तेव्हा आठ-दहा बायका आधीच येऊन उभ्या होत्या. कुणाचं मूल कडेवर, कुणाचं बोटाला धरलेलं. पाळणाघराची ताई पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. चौदा वर्षं रोज तिनेच ते दार उघडलं होतं. आज किल्ली तिच्याकडेही नव्हती.

"वाच ना ताई," कलमवालीबरोबर कामाला जाणारी बुटकी म्हणाली.

"दोनदा वाचलं."

"हिने कुठे ऐकलंय? ही आत्ता येतेय."

ताईने कागदाकडे वळूनही पाहिलं नाही. तिला ते पाठ झालं होतं. "चालू आर्थिक वर्षात तरतूद उपलब्ध नसल्याने सदर केंद्र पुढील आदेशापर्यंत स्थगित."

"स्थगित म्हणजे?" मागून कुणीतरी विचारलं.

"बंद म्हणायची लाज वाटली की स्थगित म्हणतात," बुटकी म्हणाली. एक-दोघी हसल्या. मग मुलांकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं.

रोपवाटिकेचं गेट आठला उघडायचं आणि सव्वाआठला मुकादम वही मिटायचा. कलमांचा हंगाम सुरू होऊन चारच दिवस झाले होते. पुढचे तीन महिने बायकांना मान वर करायला फुरसत नसायची. जितकी कलमं बांधाल तितकी मजुरी, आणि जी सुकतील त्यांचे पैसे कापून घ्यायचे. कलमवालीची शंभरातली नव्वद जगायची. म्हणून तर तिला हे नाव पडलं होतं, नाहीतर कलमं तिथल्या चाळीसही बायका बांधायच्या.

तिने मुलाला कडेवर नीट सरकवलं. दोन वर्षांचा पोर, अंगाने भरलेला, झोपेतून उठवून आणलेला. "चल," ती बुटकीला म्हणाली, "उभं राहून काय कुलूप उघडणार आहे?"

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने पहिल्या दिवशी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. हिरव्या जाळीखाली बायका गोणपाटांवर ओळीने बसायच्या. पुढ्यात काळ्या पिशव्यांतली रोपं, उजवीकडे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या, मांडीवर प्लास्टिकच्या पट्ट्या. रोपाचा शेंडा छाटायचा, बुंध्यात उभा काप घ्यायचा, काडीला पाचरीसारखी धार करून सालीला साल लावून बसवायची आणि पट्टी आवळून बांधायची. अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला असायचा, तरी हंगामभर अंगठा फाटलेलाच. कलमवालीने रोपं आणायच्या क्रेटमध्ये गोणपाट घातलं आणि मुलाला त्यात बसवलं. दोन दिवस तो बसला. बुटकीची पोरगी त्याच्या शेजारच्या क्रेटमध्ये होती. दोघं एकमेकांना पानं देत होती.

तिसऱ्या दिवशी तो क्रेटमधून कधी उतरला ते तिला कळलंच नाही. ओरडा ऐकून मान वर केली तर तो बुरशीच्या औषधाच्या बादलीशी उभा होता आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे झाले होते. मुकादमानेच त्याला उचललं, नळाखाली धरलं, हात चोळचोळून धुतले, तोंड उघडून बघितलं. पोटात काही गेलं नव्हतं. मग भीती उतरली तसा त्याला राग चढला.

"इथे कलमं बांधायची की पोरं सांभाळायची? उद्या काही झालं तर मालक मला विचारेल, तुला नाही. उद्यापासून मूल आत दिसलं तर तुम्ही दोघंही गेटबाहेर."

त्याने तिच्या ओळीतून चालत जाऊन सकाळपासूनची कलमं बोटाने हलवून पाहिली. सहा सैल निघाली. ती त्याने सगळ्यांसमोर उपटली आणि तिच्या पुढ्यात टाकली. "हे तुझं काम आहे का? तुझं?"

ओल्या कपड्यातलं मूल मांडीवर घेऊन तिने त्या सहा काड्या गोळा केल्या. बारा वर्षांत तिची कलमं कुणी उपटली नव्हती.

घर एका खोलीचं आणि पुढच्या पडवीचं. पडवीत बाजेवर सासू असायची. मागच्या वर्षी पडली तेव्हापासून तिचं कमरेचं हाड धड सांधलं नव्हतं. नजर शाबूत होती, जीभ त्याहून, पण उठून चार पावलं टाकायची तर कुणीतरी हात द्यावा लागायचा.

त्या संध्याकाळी नवरा खुशीत घरी आला. हायवेपासून रोपवाटिकांपर्यंत नवा रस्ता मंजूर झाला होता आणि कंत्राटदाराने त्याला घेतलं होतं. "दीड वर्षाचं काम आहे," तो पाय धुता धुता म्हणाला. "आणि रोलर शिकवणार म्हणालाय. खडी फोडणारे हजार मिळतात, रोलरवाला एखादाच असतो."

"पाळणाघर बंद झालं ते सांगितलं होतं तुम्हाला," कलमवाली म्हणाली.

"हो की. त्याचं काय झालं?"

तिने औषधाची बादली सांगितली. उपटलेली कलमं सांगितली नाहीत. नवऱ्याने मुलाला जवळ ओढून त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. नखांत अजून निळं होतं.

"मग आता कोण बघणार याच्याकडे?" सासू बाजेवरून म्हणाली. "मी बघेन, पण हा पळाला तर मी नुसती हाका मारणार."

"मी हंगाम सोडला तर पुढच्या वर्षी माझी जागा जाईल," कलमवाली म्हणाली.

"माझं तर आत्ता सुरू होतंय," नवरा म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात रजा कशी मागू?"

थोरली मुलगी कोपऱ्यात भांडी घासत होती. तिला तेरावं लागलेलं, शाळेत आठवीत. दोन महिन्यांनी सरकारी निवासी शाळेची परीक्षा होती. गावातून दोघांचीच नावं पाठवली होती, त्यात एक तिचं. गणिताच्या बाईंनी स्वतः फॉर्म भरला होता. तिने शेवटचं पातेलं उपडं घातलं आणि हात झटकत म्हणाली, "मी राहते घरी."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हंगामापुरतं," ती म्हणाली. "तीनच महिने तर आहेत."

"आणि परीक्षा?" कलमवालीने विचारलं.

"घरी करीन ना अभ्यास. हा दुपारी झोपतोच की."

"शहाणी गं माझी पोर ती," नवरा म्हणाला.

सासूने सुस्कारा टाकला. कलमवालीने मुलीकडे पाहिलं, मग उपड्या पातेल्याकडे, आणि म्हणाली, "बरं." एवढंच. मग घरात मोकळं वाटायला लागलं. नवऱ्याने रोलर कसा चालतो ते हातवारे करून दाखवलं, मूल खिदळलं, आणि सगळे पोटभर जेवले. पुढे कितीतरी वर्षं कलमवालीला त्या जेवणाचंच सगळ्यात वाईट वाटायचं.

आठवड्याने अर्धा दिवस बुडवून पंधरा बायका तालुक्याच्या कचेरीत गेल्या. पाळणाघराची ताई पुढे. अर्जावर सह्या होत्या, अंगठे होते. दीड तास बाकावर बसवल्यावर साहेबीणबाईंनी आत बोलावलं. त्या तरुण होत्या. खुर्च्या दोनच होत्या म्हणून त्या स्वतःही उभ्या राहिल्या, हे बायकांना बरं वाटलं.

"मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "वरून आदेश आला, खर्च कमी करा. रस्त्याचं टेंडर निघालेलं. नाल्याचं निघालेलं. त्याला हात लावता येत नाही. पाळणाघर 'इतर' मध्ये होतं. कापायचं म्हटलं की आधी इतर कापतात."

"इतर म्हणजे?" कलमवालीने विचारलं.

"म्हणजे... ज्याला वेगळं सदर नाही ते. झाडांना पाणी, समारंभाच्या खुर्च्या, असलं सगळं."

"आमची पोरं खुर्च्यांच्यात?" बुटकी म्हणाली. "मॅडम, रागावू नका. तुमची मुलं कुठे असतात या वेळेला?"

साहेबीणबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. "माझी आई सांभाळते," त्या म्हणाल्या. मग अर्ज पुढे ओढून वाचू लागल्या. "हे तुम्ही गावच्या सभेत मांडायला हवं होतं. आराखडा तिथे ठरतो. पाळणाघराची मागणी आलीच नाही एकाही वॉर्डातून."

"सभा कधी झाली?"

"बुधवारी. सकाळी अकराला."

"बुधवारी अकराला आम्ही जाळीखाली असतो."

"म्हणून तर आली नाही," साहेबीणबाई म्हणाल्या. त्यात उपहास नव्हता. त्यांनी अर्जावर शिक्का मारून पोच दिली आणि पुढच्या वर्षी नक्की बघू म्हणाल्या.

परतताना नव्या रस्त्याचं काम लागलं. खडी पसरली होती, तिच्यावरून रोलर जात होता, आणि रोलरवर ऑपरेटरच्या शेजारी कलमवालीचा नवरा बसला होता. एवढ्या बायका एकदम पाहून तो लाजला, मग हात वर केला.

"तुझ्या नवऱ्याच्या रोलरखाली गेलं बघ आपलं पाळणाघर," बुटकी म्हणाली.

सगळ्या हसल्या. कलमवालीही हसली. त्या रस्त्याची मजुरी त्यांच्याच घरात येत होती, आणि दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन चालताना तिला हसण्यावाचून दुसरं काही सुचलं नाही.

ताई महिन्याभरात गाव सोडून गेली. शहरात बहिणीकडे राहीन, मिळेल ते काम बघीन म्हणाली.

बुटकीने आपली पोरगी आणून सोडली ती 'आजच्या दिवस' म्हणून. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या ओळीतल्या बाईने जुळी आणली. "तुझी थोरली घरी असतेच ना," असं म्हणताना तिची नजर खाली होती. नाही कसं म्हणायचं? पंधरवड्यात पडवीपुढे सात मुलं झाली.

थोरलीला हे जमत होतं, हेच तर अवघड झालं. तिने चुलीकडच्या बाजूला दोरी बांधली. वाट्या ओळीने मांडल्या, कुणाची कुठली ते खालून खिळ्याने खुणा करून ठेवलं. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर सातांची नावं लिहून कोण किती वाजता झोपतं, कुणाला कशाने पुरळ येतं, ते टिपलं. रडणाऱ्याला घेऊन ती पडवीत येरझारा घालायची तेव्हा तोंडाने पाढे म्हणायची. मुलं एकोणतीसच्या पाढ्याला झोपतात, असं तिने आईला सांगितलं होतं.

"पोर आहे की पाळणाघर?" संध्याकाळी मुलं न्यायला आलेल्या बायका कौतुकाने म्हणायच्या. कुणी भाजी आणून द्यायची, कुणी जुना फ्रॉक. पैसे द्यायचे कुणाच्या मनात आलं नाही, आणि मागायचे कलमवालीच्याही आलं नाही.

एकदा, निवासी शाळेच्या परीक्षेचा सराव पेपर होता म्हणून, थोरली धाकट्याला घेऊन शाळेत गेली. बाकीच्या सहांना त्या दिवशी आपापल्या घरी ठेवायला सांगितलं होतं. गणिताच्या बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलं. अर्धा तास तो गप्प राहिला. मग त्याने बाकावर चढून मोठ्याने गाणं म्हटलं आणि बाकावरच मुतला. वर्ग हसून लोळला. थोरलीने आपल्या ओढणीने बाक पुसला, ती ओढणी पिळून पिशवीत घातली आणि पेपर तसाच ठेवून घरी आली. हे कलमवालीला कळलं ते ओढणी वाळत घातलेली दिसली म्हणून.

त्याच आठवड्यात गणिताच्या बाई रोपवाटिकेच्या गेटवर येऊन उभ्या राहिल्या. मुकादमाने पाच मिनिटं दिली.

"मुलीला पाठवा," बाई म्हणाल्या. "ती पास होईल. मी उगाच कुणाला असं म्हणत नाही."

"पाठवते ना बाई. हंगाम संपला की."

"हंगाम संपेपर्यंत परीक्षा होऊन जाईल."

"परीक्षेला पाठवणारच आहे. त्या दिवशी तिचे वडील घरी राहणार आहेत. ठरलंय आमचं."

बाई तिच्या ट्यूब बांधलेल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. "सारखं मूल घेऊन ती वाकडी उभी राहायला लागली आहे," त्या म्हणाल्या. "लक्षात आलंय का तुमच्या?"

आलं नव्हतं. त्या संध्याकाळी कलमवालीने पाहिलं. थोरली चुलीशी रिकाम्या हातांनी उभी होती, तरी तिचा डावा खुबा बाहेर काढलेला होता.

परीक्षेच्या दिवशी खरंच सगळं ठरलेलं होतं. बायकांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या मुलं आणू नका. थोरलीने दोन पेन, पट्टी, ओळखपत्र पिशवीत घालून पिशवी खुंटीला लावली होती. परीक्षा शहरातल्या शाळेत, दहा वाजता. साडेआठची बस होती.

पहाटेच नवऱ्याला निरोप आला. मोठा इंजिनीअर रस्ता बघायला येतोय, रोलर हवाच. ऑपरेटर तापाने पडलेला.

"आज मी चालवणार," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती आणि आनंदही होता. "आज चालवला तर रोलर माझा. आठपर्यंत येतोच. साहेब लोक सकाळीच उरकतात."

"नक्की?"

"अगं, लेकीची परीक्षा मला कळत नाही का?"

सव्वासात झाले. साडेसात झाले. रोपवाटिकेत त्या दिवशी शेवटची मोठी खेप ट्रकमध्ये चढायची होती, आणि मुकादमाने सांगून ठेवलं होतं, आज जी येणार नाही तिने पुढच्या हंगामालाही येऊ नये. कलमवाली दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. थोरलीने केस विंचरले, स्वच्छ कपडे घातले. धाकटा तिच्या पायाला मिठी मारून उभा होता.

"जा तू, आई," थोरली म्हणाली. "बाबा येतीलच."

"नाहीच आले तर याला आजीपाशी ठेव आणि सरळ निघ. दोरीने बांधून ठेव हवं तर बाजेला. पण जा."

"हो."

"जाशील ना?"

"हो म्हटलं ना."

कलमवाली निघाली. वळणावर तिने एकदा मागे पाहिलं. थोरलीने हात हलवला नाही, कारण तेवढ्यात तिने मुलाला उचललं होतं.

दिवसभर जाळीखाली गोंधळ होता. कलमं मोजून क्रेटमध्ये भरायची, क्रेट डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. मानेतून कळा निघत होत्या. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा थोरली चुलीशी होती आणि धाकटा अंगणात चिखल करत बसला होता.

"पेपर कसा गेला?"

"सोपा होता," थोरली म्हणाली आणि फुंकर घालायला वाकली.

नवरा अकराला घरी आला होता. तेव्हा घरात फक्त त्याची आई होती. बायकोला त्याने हे सांगितलं, पण पुढे काही विचारलं नाही. रोलर त्याला मिळाला होता. तिनेही विचारलं नाही. सोपा होता म्हणाली ना पोर, मग झालं.

दीड महिन्याने यादी लागली. गावातला दुसरा मुलगा यादीत होता. थोरली नव्हती. कलमवालीला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी तिला हलकंही वाटलं. पोर घरी राहणार होती. आपल्याला हलकं वाटलं हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

हंगाम संपला तेव्हा शाळेचं वर्षही संपत आलं होतं. पुढच्या वर्षी थोरली नववीत बसली, सहा-सात महिने गेली. मग नवा हंगाम आला, मुलं आली, आणि गैरहजेरीसाठी तिचं नाव पटावरून कमी झालं. त्याचंही पत्र आलं होतं. भाषा पाळणाघराच्या कागदासारखीच होती.

त्याच दुसऱ्या वर्षी एका बुधवारी सकाळी अकराला एकतीस बायका रोपवाटिकेतून उठल्या आणि सभेच्या हॉलमध्ये जाऊन बसल्या. मुकादम गेटपर्यंत ओरडत आला. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, पुरुष भिंतीला लागून उभे राहिले. कलमवालीने उभं राहून पाळणाघराची मागणी मांडली. बुटकीने मागून तिच्या कमरेला हात दिला होता. ठराव लिहिला गेला. सही करायला थांबल्या तेव्हा प्रत्येकीने आपलं नाव वाचून घेतलं.

पैसे यायला त्यानंतर आणखी तीन वर्षं गेली. भिंतींना पिवळा रंग लागला, नव्या चटया आल्या, ताईला शहरातून परत बोलावलं. उद्घाटनाला सगळ्या गेल्या. तोवर कलमवालीचा धाकटा पाठीला दप्तर लावून शाळेत जायला लागला होता.

भाषणं चालू असताना ताई तिला बाजूला घेऊन म्हणाली, "थोरली काय करते गं?"

"माझ्या ओळीत बसते. कलमं बांधते. माझ्याहून चपळ आहे."

"म्हणजे त्या परीक्षेचं काही झालं नाही."

"नाही. तुला कोणी सांगितलं परीक्षेचं?"

ताईने तिच्याकडे चमकून पाहिलं. "मी होते की तिथे. त्या शाळेत पाणी द्यायला होते मी तेव्हा. तिने सांगितलं नाही तुला?"

आणि मग ताईने सांगितलं. पोर कडेवर मूल घेऊन धापा टाकत आली, वीस मिनिटं उशिरा. म्हाताऱ्या आजीपाशी ठेवलं होतं, पण ते दोरीत गुरफटलं, म्हणून मागे वळून घेऊन आले, म्हणाली. शिपाई मूल आत नेऊ देईना. "मी घेतलं माझ्याकडे. जा म्हटलं, लिही. पण पोरगं काय ऐकतंय! तासभर रडलं. श्वास कोंडायला लागला त्याचा. खिडकीतून तिला ऐकू येत होतं ना सगळं. एकदम पेपर देऊन बाहेर आली. अर्धा वेळ बाकी होता अजून. मी म्हटलं, वेडे, परत जा. म्हणाली, 'तो माझ्याशिवाय राहत नाही ताई.' आणि म्हणाली, आईला सांगू नका, तिचा हंगाम आहे."

समोर कुणीतरी फीत कापली. टाळ्या झाल्या. कलमवालीनेही वाजवल्या.

पाळणाघरात ताईच्या हाताखाली एक मदतनीस घ्यायची होती. बायकांनी एकमुखाने थोरलीचं नाव घेतलं. दुसरी कोण होती तशी? कलमवाली तिला घेऊन कचेरीत गेली. साहेबीणबाईंची बदली झाली होती. नव्या साहेबांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला.

"दहावी?"

"नाही," थोरली म्हणाली.

"किमान दहावी लागते. अनुभव आहे?"

"दोन हंगाम. सात मुलं. शेवटी नऊ होती."

"कुठल्या केंद्रात?"

"आमच्या पडवीत."

साहेब हसले नाहीत, हे खरं. "दाखला लागेल," ते म्हणाले. "पडवीचा दाखला मी कसा घेऊ?" त्यांनी फॉर्म परत दिला, दुमडला जाऊ नये अशा बेताने, दोन्ही हातांनी. जागा शहरातल्या एका मुलीला मिळाली. चांगली मुलगी होती. पहिल्याच आठवड्यात ती थोरलीकडे विचारायला आली, जुळ्यांच्या धाकट्या भावाला कशाने पुरळ येतं.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो पडवीत येऊन बसला. आता तो दुसऱ्या तालुक्यातल्या रस्त्यावर रोलर चालवायचा, आठवड्याने घरी यायचा. "आपल्या पोरीला मी कुठे चिकटवू," तो म्हणाला, "आमच्याकडे बायकांना नुसती खडी उचलायला घेतात." मग लेकीकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी मला आठला यायचं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मायलेकी जाळीबाहेर सहाणेपाशी चाकूला धार लावत बसल्या होत्या. बाकीच्या बायका झाडाखाली डबे सोडत होत्या. ऊन पांढरं पडलं होतं. थोरली सहाणेवर पाणी शिंपडायची आणि पातं सावकाश, एकाच दिशेने ओढायची. तिच्या अंगठ्यालाही आता ट्यूबचा तुकडा होता.

"ताईने सांगितलं मला," कलमवाली म्हणाली.

"काय?"

"परीक्षेचं."

थोरलीने पातं उलटं केलं.

"मी थांबायला हवं होतं गं त्या दिवशी. गेला असता हंगाम तर गेला असता. माझं चुकलं."

"त्या दिवसाचं काही नाही, आई," थोरली म्हणाली. "त्या दिवशी तू तरी काय करणार होतीस? ट्रक आला होता."

"मग?"

थोरलीने सहाणेवर पुन्हा पाणी शिंपडलं. बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कलमवालीला सोसला असता.

"ते पहिल्या दिवशी मी म्हटलं ना, मी राहते घरी. भांडी घासताना."

"हो."

"मला वाटलं होतं, तू नको म्हणशील."

कलमवालीच्या हातातला चाकू सहाणेवर तसाच थांबला. तिला सांगायचं होतं की तेव्हा दुसरं काही सुचलंच नव्हतं. सांगायचं होतं की 'बरं' म्हणताना आपल्यालाही वाटलं होतं, कुणीतरी आता मधे बोलावं. पण ते सगळं खरं असूनही आता तोंडातून काढण्यासारखं राहिलं नव्हतं.

थोरलीने धार नखावर लावून पाहिली, पातं फडक्याला पुसलं आणि आईच्या हातातला चाकूही अलगद काढून घेतला. "आण, तुझ्याला मी लावते," ती म्हणाली. "तू जेवून घे. मुकादम हाक मारेल आता."

कलमवाली उठली नाही. ती तिथेच, लेकीच्या शेजारी, मोकळे हात मांडीवर ठेवून बसून राहिली. झाडाखालून बुटकीने दोनदा जेवायला बोलावलं.